चिलमीतला खडा



संयोजकांचा निरोप आला की प्रत्येकानं आपल्या छंदावर दहा मिनिटं बोलायचं. मी कळवलं, "माझा छंद शाळेच्या व्यासपीठावरून सांगण्यासारखा नाही." लगेच उत्तर आलं, "मग तर तू बोलच." तेव्हा आधीच सांगून टाकते. मी धूम्रपानाची जुनी साधनं जमवते. चिलमी, गुडगुड्या, पाइप. सगळे मिळून एक्केचाळीस नग आहेत. मी स्वतः आजवर एक झुरकाही घेतलेला नाही, आणि आज आणलेल्या या पेटीत तंबाखूचा कणही नाही. मागच्या बाकावरच्यांनी उगाच आशा धरू नये.

हे खूळ डोक्यात शिरलं त्याला थोडे आपले विज्ञानाचे सरही जबाबदार आहेत. नववीत त्यांनी आपल्याला खोडदला नेलं होतं, आठवतं? दुर्बिणींची कामं तेव्हा चालू होती. ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकड्या पाहून आपण म्हणालो, "सर, ही तर नुसती जाळी आहे!" सर म्हणाले, गंमत तीच आहे. या दुर्बिणीला लांब तरंगलांबीच्या रेडिओलहरी पकडायच्या आहेत, त्यांना जाळीही पत्र्यासारखीच. मात्र वारा आरपार जातो, म्हणून वजन कमी आणि खर्चही कमी. गोविंद स्वरूप हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. एखादी वस्तू अशीच का बनवली, हे विचारायची खोड तिथून लागली. पुढे इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये पोटापाण्याला लागले, पण ती खोड गेली नाही.

संग्रहातली पहिली वस्तू ही. माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची चिलीम. आईचं माहेर घोड नदीच्या वरच्या खोऱ्यातलं. आंबेगाव तालुका ज्याच्या नावानं ओळखला जातो ते मूळ आंबेगाव डिंभे धरणात गेलं, तसंच आईचं गावही गेलं. घोडेगावजवळ नवं घर झालं. जुन्या घरातून जे थोडं सामान आलं, त्यात ही एका फडक्यात गुंडाळलेली होती.

हातात घेऊन बघा. भाजलेल्या मातीची निमुळती नळी, वर रुंद, खाली अरुंद. आत एक खडा. तो घट्ट बसवलेला नसतो, नुसता अडकलेला असतो. त्यानं तंबाखू आणि निखारा वर अडतो, आणि खड्याच्या कडेच्या फटीतून धूर खाली येतो. खडा फार गोल असला तर फट बुजते, फार ओबडधोबड असला तर राख तोंडात येते. खाली ओली छापी गुंडाळायची. ओल्या फडक्यानं धूर थोडा निवतो, किटण अडतं, हाताला चटका बसत नाही. शिवाय मुठीतून ओढल्यामुळे ओठ चिलमीला लागत नाहीत. एक चिलीम पाच जणांत फिरते आणि उष्टी होत नाही. कुंभाराचं चाक, नदीतला दगड आणि चिंधी, एवढ्यात सगळं भागलं. फिरता एकही भाग नाही, म्हणजे बिघडायलाही काही नाही. आमच्या धंद्यात असं एक जरी काम हातून झालं तर माणूस जन्मभर सांगत फिरेल.

तंबाखू आपल्याकडे आली दक्षिणेतून. अकबराचा सरदार असद बेग १६०४च्या सुमारास विजापूरच्या दरबारातून परतला, तेव्हा त्यानं तिथं मिळालेली तंबाखू आणि एक सजवलेली नळी बादशहाला नजर केली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले आणि हकिमांनी त्याला थांबवलं. हकीम बरोबर होते, पण दरबारी लोकांनी मागणी सुरू केली होती. पुढे धूर पाण्यातून ओढायचा हुक्का घरोघर झाला. गरिबाघरी त्याचीच गुडगुडी, नारळाच्या करवंटीची. माझ्याकडे अशा तीन आहेत, एक चिरलेली.

पाश्चात्य पाइपांची गोष्ट वेगळी, कारण तिथं पेटंटं आहेत आणि पेटंटांत आकृत्या आहेत. माझ्यासारखीला रविवार घालवायला आणखी काय हवं! पाइप ओढताना दोन त्रास होतात. धूर गरम लागतो, आणि नळीत ओल साचून तोंडात येते. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसननं १८९०मध्ये यावर उपाय काढला. दांडीच्या पोटात, धुराच्या वाटेच्या खाली, एक छोटी टाकी. ओल आपल्या वजनानं तिथं उतरते, धूर वरून कोरडा जातो. १८९८मध्ये त्यानं तोंडात धरायच्या टोकाचं भोक वरच्या बाजूला वळवलं, म्हणजे धूर जिभेवर न येता टाळूकडे जावा. सिॲटलचे प्राध्यापक कर्स्टन हे विमानविद्येतले; विमानासाठी वेगळ्याच तऱ्हेचा पंखा त्यांनी आखला होता. त्यांनी १९३०च्या दशकात धातूच्या नळीचा पाइप केला. नळीच उष्णता बाहेर टाकते, मोटारीच्या रेडिएटरसारखी.

माझा लाडका मात्र हा फाल्कन. पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी ऑफिसला दांडी मारून गेले होते, तिथे जुन्या नळाच्या तोट्यांच्या ढिगात सापडला. विकणाऱ्याला तो पाण्याच्या नळाचाच भाग वाटत होता आणि भावही त्यानं तसाच लावला. याची दांडी ॲल्युमिनियमची आणि वरची लाकडी वाटी आट्यांवर बसते. आटे सगळीकडे एकाच मापाचे, त्यामुळे कुठलीही वाटी कुठल्याही दांडीवर चढते. आम्ही यालाच इंटरफेस म्हणतो आणि त्यावर दिवस दिवस बैठका घेतो. माझ्या नगाचे आटे किटणानं जाम झाले होते. आठवडाभर स्पिरिट सोडून सोडून ते सुटले, त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं. कुणालाही आनंद झाला नाही.

असं वेड लागलेली माणसं आपल्याकडे आधीही होऊन गेली. पुण्यात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती जमवत २०,०००च्या आसपास वस्तू गोळा केल्या आणि १९७५मध्ये सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला. त्या संग्रहालयातले अडकित्ते पाहताना मला सुपारीचा दोष आठवत नाही. माझ्या पेटीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

कारण या सगळ्या हुशार माणसांनी सोडवलं काय? धूर थंड केला, कोरडा केला, जिभेला मऊ केला. त्यातलं विष होतं तसंच राहिलं. पाण्यातून गेलेल्या धुरातही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतंच. उलट खोकला येऊन माणूस जिथं थांबला असता, तिथं ही यंत्रणा त्याला थांबू देत नाही. चटका हा धोक्याचा इशारा होता आणि सगळी कारागिरी तो इशारा काढून टाकण्यात खर्ची पडली. हे मला पाइप उघडून बसल्यावर एका रात्री कळलं, आणि त्यानंतर ऑफिसात "वापरणाऱ्याला कुठंही थांबावं लागता कामा नये" असं कुणी म्हटलं की मी दचकते. त्या बैठकांत मीही तेच वाक्य कितीदा बोललेय.

आजोबा शेवटची चार वर्षं उशीला टेकून बसून झोपायचे. आडवं झालं की दम लागायचा. आईनं ते सगळं केलं. म्हणून माझी पेटी तिच्या घरात चालत नाही. "ज्यानं माझा बा खाल्ला ते तू कपाटात मांडतीस," असं ती एकदा म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिकडे फलकावर आपल्या वर्गातल्या ज्या चौघांचे फोटो लावलेत, त्यातल्या दोघांचं काय झालं हे आपल्याला माहीत आहे. मधल्या सुट्टीत पुडी फोडून ते आपल्यालाही देऊ करायचे.

गेल्या वर्षी या भाषणासाठी नव्हे, सहज म्हणून मी ही चिलीम साफ करत होते. आई शेजारी येऊन बसली. पहिल्यांदाच. तिनं चिलीम हातात घेतली, उलटी केली, खडा तळहातावर पाडला आणि म्हणाली, "ह्यो बाचा खडा न्हाय." मला काही कळेना. मग तिनं सांगितलं की नदीवरून खडा आणून द्यायचं काम तिचं होतं. सात-आठ वर्षांची असेल. एक खडा हरवला की दुसरा शोधायचा, चिलमीत टाकून बघायचा, आजोबा फुंकून पाहायचे आणि पसंत पडला तरच खिशातून शेंगदाणे मिळायचे. कुठला बसेल हे तिला हाताच्या स्पर्शानं कळायचं.

मे महिन्यात डिंभ्याचं पाणी खाली गेलं होतं. मी गाडी काढली. आई सत्तरी ओलांडलेली, तरी चिखल सुकलेल्या उतारावरून माझा हात न धरता उतरली. जुनं घर कुठं होतं ते तिनं बोटानं दाखवलं; तिथं पाणीच होतं. मग खाली वाकून ती खडे उचलू लागली. सहा टाकून दिले. सातवा बोटांत फिरवला, चिलमीत सोडला, नळी तोंडाशी न नेता नुसती उजेडाकडे धरून पाहिली.

तोच खडा आत आहे. चिलीम पुढे फिरवा, पण जपून, तो सैल असतो.