नळीचे उघडे तोंड



सुवर्णमहोत्सवी सभासद-यादी अकारविल्हे लावण्याचे काम मंडळाने आम्हांकडे सोपविले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तथापि उतारवयात 'स्कीम' ह्या संगणकभाषेचा छंद जडलेला. सस्मन व स्टील यांनी ती १९७५ साली एमआयटीत निर्मिली. एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर दुसऱ्यात नेणारी 'पाइप', म्हणजे नळी, त्याआधीच १९७३ साली युनिक्समध्ये आली होती. मूळ कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांची.

आम्ही नावे नळीतून 'सॉर्ट'कडे धाडली व उत्तराची वाट पाहत बसलो. रात्रीचा एक वाजला. सकाळी करोलबागेत मुद्रकाला यादी द्यावयाची! पण शेवटचे नाव आल्यावाचून सॉर्ट बापडा पहिले देणार कसे? नळीचे लिहिते तोंड आम्ही मिटलेच नव्हते. दोन खात्यांनी परस्परांच्या अभिप्रायासाठी फाईल अडवून धरावी, तशी गत! (इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हे आम्हांस चटकन ओळखू येऊ नये, याचे नवल.)

आमच्याकडील तोंड मिटले, तरी सामसूम. मग उमगले, की उपप्रक्रिया जन्मतःच जनकाच्या उघड्या तोंडांची प्रत घेते. लिहिते तोंड सॉर्टच्याही हाती राहिले होते! तेही मिटण्याची आज्ञा प्रोग्रॅममध्ये घालताच यादी झरझर उतरली.

क्षीरसागर मंडळी तेवढी 'क'च्या रांगेत जाऊन बसली होती. त्यांना आम्ही हातानेच उचलून शेवटी आणले.