खेळ आणि खेळ घडविणारे



ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. कवीच्या वागण्याशी आपल्याला काय करायचे, कविता तेवढी पाहावी, हा सल्ला त्यातलाच. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या बाबतीतही तो आता ऐकू येतो. तेथे तो कितपत लागू पडतो, याचा आज थोडा विचार करू.

‘माइनक्राफ्ट’ हा खेळ घ्या. ठोकळ्यावर ठोकळा रचून घरे उभारावीत, गावे वसवावीत, असा हा खेळ. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी २००९ साली तो एकट्याने करावयास घेतला. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि पेर्सन बाहेर पडले. पुढे स्त्रियांविषयी व पारलिंगी व्यक्तींविषयी त्यांनी जाहीरपणे जे लिहिले, त्याने पुष्कळजण दुखावले. २०१९ साली खेळाला दहा वर्षे झाली, तेव्हा त्या समारंभातून त्यांना वगळण्यात आले. खेळ उघडताना अधूनमधून त्यांचे नाव झळके, तेही काढले. श्रेयनामावलीत मात्र ते राहू दिले.

ही वाटणी मला रास्त वाटते. श्रेय ही घडलेली गोष्ट; ती खोडता येत नाही. मान मात्र आपण द्यायचा असतो, आणि तो आवरताही येतो. एखादे पोर हा खेळ खेळले म्हणून त्याला पेर्सन यांची मते पटली, असे कुणी म्हणणार नाही.

येथवर ती म्हण चालते, कारण ते लिहिणे खेळाच्या बाहेरचे होते. पण जो अपराध खेळ घडतो त्या खोलीतच झाला, त्याचे काय?

‘असॅसिन्स क्रीड’ हा खेळ काढणारी युबिसॉफ्ट ही फ्रेंच कंपनी. तेथे वरिष्ठांकडून छळ होतो, अशा तक्रारी २०२० साली बाहेर आल्या. जुलै २०२५ मध्ये पॅरिसजवळच्या बोबिन्यी येथील न्यायालयाने तिघा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरविले. कंपनीच्या खेळांची सर्जनशील बाजू सांभाळणारा प्रमुखही त्यांत होता. तिघांनाही कैद सांगितली, पण ती स्थगित, शिवाय दंड.

आता ‘माणूस वेगळा, कृती वेगळी’ हे कसे म्हणणार? ज्यांना सोसावे लागले, त्या शेजारच्याच टेबलावर बसून तोच खेळ घडवीत होत्या.

मग खेळ फेकून द्यावा काय? तसेही नव्हे. असा खेळ शेकडो हातांनी होतो. याच कंपनीने २००८ साली पुण्यातला एक स्टुडिओ घेतला. म्हणजे आपल्याकडच्या मुलामुलींचे हातही या कामाला लागले. खेळ टाकला, तर जिचा छळ झाला तिची मेहनतही त्याबरोबर जाते.

म्हणून ‘खेळावा की नाही’ या प्रश्नाआधी तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. अपराधी अजून त्याच खुर्चीवर आहे काय? आपण मोजलेल्या पैशाचा वाटा त्याला मिळतो काय? आणि जिने तक्रार केली, तिची नोकरी टिकली काय?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा वर्तमानपत्रांत सापडतात. तिसऱ्याचे क्वचितच. ते विचारणे मात्र आपण सोडू नये.