विद्यापीठाच्या वेशीबाहेर

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ला आणि राणी लक्ष्मीबाई उभ्या राहतात. त्या झाशीहून बबीन्याच्या दिशेने निघाले की बिजौली हे गाव लागते. आज ते कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. सरकारी कामानिमित्त एका उन्हाळ्यात मी तेथे थांबलो होतो. कोरड्या विहिरीच्या काठावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला सहज विचारले, "साहेब, शहरातून शिकलेली माणसे येतात, आमच्या शेतातली माती पिशव्यांत भरून नेतात. त्या मातीने त्यांना काय सांगितले, हे आम्हांला कोण सांगणार?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. उलट तो ऐकताना मला माझ्याच कपाटाची आठवण झाली. पूर्वीच्या एका नेमणुकीत भूजलाविषयीचा एक जाडजूड इंग्रजी अहवाल माझ्याकडे आला होता. पोहोच देऊन मी तो कपाटात ठेवला. तीन वर्षांनी बदली झाली, आवराआवर करताना तो हाती आला आणि उभ्याउभ्याच चाळला. मागचे दोन उन्हाळे ज्या अडचणीने मला छळले होते, तिच्यावरचा उपाय शेवटून दुसऱ्या पानावर छापलेला होता! दोष लिहिणाऱ्याचा की वाचणाऱ्याचा? मला वाटते, दोघांचाही. तेव्हा विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत जन्मलेले ज्ञान वेशीबाहेर कसे पडेल, हा आजच्या भाषणाचा विषय मी त्या वृद्धाकडूनच उसना घेतला आहे.

बुंदेलखंडात पाऊस पुण्यापेक्षा कमी पडत नाही. वर्षाकाठी सरासरी साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पडतो. पण खाली कठीण ग्रॅनाइटचा खडक आणि वर पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ थर. पाणी धरून ठेवायला जागाच थोडी. येथल्या पूर्वजांनी यावर 'हवेली' नावाची युक्ती काढली होती. ही हवेली म्हणजे वाडा नव्हे. उताराच्या माथ्याकडील शेतांना मातीचा बांध घालायचा, पावसाळाभर त्यांत पाणी उभे ठेवायचे आणि पावसाळा सरला की ते सोडून त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. मधल्या काळात मुरलेले पाणी खालच्या शिवारातील विहिरींना मिळे. आपल्या धुळे-नाशिककडील फड पद्धत किंवा भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे शहाणपण परके वाटणार नाही. पुढे बांध फुटले, दुरुस्तीची सामायिक जबाबदारी कोणाचीच उरली नाही आणि अनेक हवेल्या नामशेष झाल्या.

याच झाशी जिल्ह्यात, बबीना विकासखंडातील परासई, छतपूर आणि बछौनी या तीन गावांच्या सुमारे साडेबाराशे हेक्टर पाणलोटात २०११ पासून संशोधकांनी काम आरंभिले. झाशीची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था आणि हैदराबादजवळील पाटणचेरूची 'इक्रिसॅट' यांचा तो संयुक्त उपक्रम. त्यांनी गावाची जुनी हवेली पुन्हा उभी केली, नाल्यांवर बंधारे घातले, शेताच्या बांधांवर झाडे लावली आणि विहिरींतील पाण्याची पातळी नियमाने मोजली. पाणी वर आले. इतरत्र विहिरी आटत असतानाही येथे रब्बीला आधार मिळाला. पुढे उत्तर प्रदेश शासनाने हाच मार्ग बुंदेलखंडाच्या सातही जिल्ह्यांत नेण्याचे काम हाती घेतले.

या कथेत महत्त्वाचे काय? संशोधकांनी गावाला सर्वस्वी नवीन वस्तू दिली नाही. गावाला जे ठाऊक होते, त्याला त्यांनी मोजमापाची जोड दिली. आपल्या आजोबांचा बांध खुळेपणाचा नव्हता, हे आकड्यांनी सिद्ध झाले. आणि आकडे हाती असले की, श्रोतेहो, आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसाला मंजुरीची सही करणे सोपे जाते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था स्थापिली. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजावे लागतात; पण फारशी मोजणी न येणाऱ्या सुईणीने ते कसे मोजावे? त्यांनी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ यांचे साधे साधन तयार केले. पुढे ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्या हाती नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा सोपविली. त्या गावांतील नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो निबंध प्रसिद्ध झाला, आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. निबंध आणि देशव्यापी अंमल यांत बारा वर्षांचे अंतर! यशस्वी संशोधनाची ही कथा. मग अयशस्वी ठरलेल्यांनी किती वाट पाहायची?

हे अंतर कमी करावयाचे तर मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात. संशोधनाचा प्रश्न ठरविण्यापूर्वीच, ज्याला उत्तर हवे आहे त्याच्या दारी जावे. उत्तर मिळाल्यावर ते त्याच्या भाषेत, चार पानांत, त्याच्या चावडीवर वाचून दाखवावे. मातीची पिशवी नेणाऱ्यावर हे ऋणच आहे. आणि तिसरी गोष्ट आम्हां अधिकाऱ्यांसाठी: आलेल्या अहवालाची नुसती पोहोच देऊ नये, त्यावर आपण काय करणार हे लिहून कळवावे.

परंतु एवढ्याने सारे साधेल, असे मात्र मी म्हणणार नाही. हवेलीत पाणी उभे राहते तेव्हा त्या शेतमालकाचे खरिपाचे पीक बुडते, आणि लाभ होतो खालच्या विहिरवाल्यांना. विहीर भरली की पंपही वाढतात. कोणी किती सोसावे आणि कोणी किती उपसावे, याचे उत्तर कोणताही प्रबंध देऊ शकत नाही. पाणी किती मुरले हे संशोधक सांगेल. ते कसे वाटावे हे गावानेच ठरवायचे असते, आणि तो निवाडा टिकविण्यासाठी शासनाने पाठीशी उभे राहायचे असते. संशोधनाचा प्रवास येथे संपत नाही. येथून तो इतरांच्या खांद्यांवर येतो.

बिजौलीच्या त्या वृद्धाला मी परतताना एवढेच म्हणालो, "बाबा, पुढच्या वेळी माती न्यायला कोणी आले, तर त्याचे नाव-गाव लिहून घ्या, आणि उत्तर कधी देणार ते विचारा." तो हसला व म्हणाला, "आणि साहेब, तुमचेही नाव लिहून घेतो!" श्रोतेहो, ते त्याने खरोखरच लिहून घेतले आहे.