रखमा



कापूस वेचणीच्या दिवसांत भीमपूरच्या शिवारात, कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधून बाया पातीला लागल्या की हाक येते, ‘अवं रखमे, मांगं काऊन राहिली वं?’ मूळ नाव रुक्मिणी. पण त्या नावानं तिला हाक मारतं कोण? आईची ती रखमी, गावाची रखमाबाई, नातवंडांची रखमाआजी.

भीमपूर पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणात; पलीकडे यवतमाळ. 1956 साली भाषावार राज्यं झाली, तेव्हा आदिलाबादचा राजुरा तालुका मराठी मुलखात गेला, भीमपूरचा हा पट्टा मात्र आंध्रात गेला. 2014 पासून तो तेलंगणात आहे. कचेरीतले कागद तेलुगूत झाले. लेकीबाळींची नावं तेवढी राहिली, कारण सोयरिकी नदीपलीकडे होतच राहिल्या.

आणि विठ्ठलाची रुक्मिणी तर या मुलखाचीच लेक. तिचं माहेर कौंडण्यपूर, वर्धेच्या काठी. पुढे त्याच वर्धेला आपली पैनगंगा मिळते. कौंडण्यपूरहून पंढरीला जाणाऱ्या पालखीची परंपरा 1594 पासूनची सांगतात.

या नावाच्या बायांनी सोसलंही फार. तुकोबांची पहिली पत्नी रखमाच. दम्यानं खंगलेली ही बाई 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचून गेली. तुकोबांच्या वैराग्याविषयी आपण कीर्तनातून इतकं ऐकतो, पण तिची आठवण काढत नाही. काढायला हवी.

दुसरी रखमा म्हणजे डॉक्टर रखमाबाई. जन्म 1864 चा, मुंबईतला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं, पण ती सासरी गेली नाही, माहेरी शिकत राहिली. नवऱ्यानं 1884 साली दावा लावला, बायकोनं नांदायला यावं म्हणून. पहिला निकाल तिच्या बाजूनं लागला, अपिलात तो फिरला. 1887 साली कोर्टानं बजावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोग. ती म्हणाली, कैद भोगीन. वर्तमानपत्रं तुटून पडली, मोठमोठी माणसं विरोधात गेली, तरी बाई हलली नाही. अखेर 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मग लंडनला जाऊन ती डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं बायकांवर उपचार करत राहिली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यामागे जे वादळ उठलं, त्यात तिच्या खटल्याचा वाटा मोठा होता. 1955 साली ती गेली, नव्वदी गाठून.

आता बारशाला हे नाव कुणी सुचवलं, तर सुना म्हणतात, जुनाट वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. ज्या नावाच्या एका बाईनं कोर्टापुढं मान तुकवली नाही, ते नाव जुनं कसं होईल?

भीमपूरच्या आणि पैनगंगेच्या दोन्ही थड्यांवरच्या आयाबायांनो, तुमच्या घरात पुढची नात जन्माला आली, तर तिचं नाव रखमा ठेवा. आणि शाळेत घालताना दाखल्यावरही तेच लिहा.