किमान कोणाचं?

(यवतमाळ येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संपादित)



'किमान' हा शब्द या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. किमान आधारभूत किंमत, म्हणजे आपला हमीभाव. सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, केंद्रावर कापसाची गाडी लागली की शेतकरी आधी विचारतो, ओलावा किती निघाला? आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे टक्क्यामागे कपात, बारानंतर गाडी परत. हे आकडे त्याला तोंडपाठ असतात. कारण त्याला पक्कं ठाऊक असतं की 'किमान' विकणाऱ्याला बांधतं, तसं घेणाऱ्यालाही बांधतं.

हाच शेतकरी पोराला एम.ए.ला घालतो, पोरगी पीएच.डी. करते म्हणते, तेव्हा मात्र त्याचा एकच प्रश्न असतो: "किती टक्के लागतात?" म्हणजे आम्ही काय द्यायचं, एवढंच. विद्यापीठानं किमान काय द्यायचं, हे विचारायचं राहून जातं. आज मी त्या राहून गेलेल्या प्रश्नावर बोलणार आहे.

आधी एक गंमत सांगतो. आपल्या जिल्ह्यात विद्यापीठाचं मुख्यालय नाही, पण पदव्या मात्र बऱ्याच विद्यापीठांच्या मिळतात. कला, वाणिज्य, विज्ञान आणि अभियांत्रिकीसाठी आपण अमरावतीकडे बघतो. ते विद्यापीठ १ मे १९८३ ला निघालं. त्याआधी आपले कागद नागपूरला जायचे. शेतीची पदवी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची. इथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला एम.डी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला नाशिकचंच मुक्त विद्यापीठ. म्हणून यवतमाळात कोणी "पीजी करतो" म्हणाला, तर पुढचा प्रश्न असावा: कोणाची? कारण प्रत्येकाचं माप वेगळं आहे.

एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. हे नेहमीचे तीन. तीन वर्षांची पदवी झाली की दोन वर्षं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली असेल, तर एकच वर्ष. महाराष्ट्रात दोन वर्षांसाठी ८८ श्रेयांक ठरले आहेत, एका सत्राला २२. वर्गातल्या तासिकांचं गणित सोपं आहे: एका श्रेयांकाला पंधरा तास. पहिलं वर्ष पुरं करून थांबावं लागलं, तर हात रिकामे राहत नाहीत. ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका मिळते. ज्या घरात बापाच्या आजारपणात मुलाला शेतावर परतावं लागतं, त्या घरासाठी ही सोय मोठी आहे. मिळालेले श्रेयांक शैक्षणिक बँकेत जमा राहतात आणि परत येता येतं.

व्यवसायाच्या पदव्यांचं दार वेगळं. एम.बी.ए.ला सीईटी. एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांचं होतं, आता दोन वर्षांचं आहे. एम.टेक.ला 'गेट' परीक्षेतून आलेल्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं, पण चौकशीच नाही म्हणून कित्येक जण तो अर्जच भरत नाहीत. एम.डी., एम.एस.साठी एमबीबीएस, इंटर्नशिप, नीट-पीजी आणि मग तीन वर्षं. तिथे विद्यार्थी शिकतही असतो आणि वॉर्डात रुग्णही बघत असतो.

आता पीएच.डी.कडे येतो, कारण गैरसमजांचं पीक सगळ्यात दाट तिथंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे. पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सूट. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील, तर एम.ए.शिवायही थेट प्रवेश. एम.फिल. मात्र बंद झालं. आजही कोणी एम.फिल.च्या प्रवेशाची जाहिरात करत असेल, तर तिकडं पैसे भरू नका. अर्धवेळ पीएच.डी. चालते, नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. घरबसल्या दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन पीएच.डी. मात्र नाही. सत्काराच्या मंचावर शालीबरोबर 'डॉक्टर' वाटणाऱ्यांबद्दल एवढंच सांगतो: आयोगाच्या १९५६ च्या कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाला आणि कायद्यानं तसा हक्क दिलेल्या संस्थेलाच आहे.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क, त्यात ५५ टक्के. एकूण काळ किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन.

इथवर झाली आपल्या बाजूची अट. आता पानाची दुसरी बाजू वाचू.

एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक, यापेक्षा जास्त नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकानं नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. संशोधन सल्लागार समितीपुढं दर सत्राला तुमचं काम मांडलं गेलं पाहिजे. प्रबंध सादर झाल्यापासून मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पुरी व्हायला हवी. ही विद्यापीठाची किमान अट आहे. आपण ती वाचत नाही, म्हणून "सर कामात आहेत" हे उत्तर ऐकून वर्ष-वर्ष गप्प बसतो.

मायबहिणींनी यातली दोन कलमं तर पाठच करावीत. संशोधनाच्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळते आणि महिलांना मुदतीत दोन वर्षं जास्त, म्हणजे एकूण दहा. दुसरं कलम आपल्या भागासाठीच लिहिल्यासारखं आहे: लग्नामुळं किंवा इतर कारणानं गाव बदललं, तर संशोधनाची सामग्री नव्या संस्थेत नेता येते. वणीची मुलगी चंद्रपूरला सासरी गेली, उमरखेडची नांदेडला गेली, तर तिचा प्रबंध माहेरच्या ट्रंकेत बंद व्हायचं कारण नाही. मार्गदर्शक आणि मूळ संस्थेला त्यांचं श्रेय द्यायचं, बाकी काम पुढं न्यायचं.

या सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय पदव्यांची गोष्ट पुरी होत नाही, आणि ती नुसत्या अभिमानाची गोष्ट नाही. कोलंबियाची एम.ए. १९१५ ची. लंडनमधला अभ्यास अर्धवट असताना १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत यावं लागलं. लंडनची एम.एस्सी. १९२१ ला आणि डी.एस्सी. १९२३ ला, तीही परीक्षकांनी प्रबंधात फेरफार सुचवल्यावर, नव्यानं सादर करून. कोलंबियाची पीएच.डी. मात्र १९२७ ला पदरात पडली. का? त्या काळी तिथं प्रबंध छापून प्रती विद्यापीठात दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. पुस्तक १९२५ ला लंडनमध्ये छापून निघालं, मग पदवी आली.

वरवर पाहता ही छपाईची अट जाचकच. पण तिच्या पोटात काय होतं? तुझं संशोधन तुझ्या कपाटात राहायचं नाही, ते कोणालाही वाचता आलं पाहिजे. आज तीच अट वेगळ्या रूपात आहे: पदवी जाहीर होण्याआधी विद्यापीठानं प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे द्यायची, आणि ती 'शोधगंगा'वर सगळ्यांना खुली होते. झरी-जामणीच्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, कोणी संशोधन केलं असेल, तर पोडावरच्या शिकलेल्या पोराला ते मोबाइलवर वाचून म्हणता आलं पाहिजे की इथं चुकलं बुवा, आमच्यात असं नसतं. बाबासाहेबांकडून जी अट पुरी करून घेतली गेली, ती आता विद्यापीठाकडून आपण पुरी करून घ्यायची आहे.

म्हणून समारोपाला सल्ला सांगतो, आणि तो हिशेबाचा आहे. प्रवेशाला जाताना गुणपत्रिकेबरोबर नियमांची प्रत घ्या. मार्गदर्शकाची निवृत्ती कधी आहे, ते विचारा. त्यांच्याकडे आधीच किती जण आहेत, ते विचारा. समितीपुढं काम मांडल्याची नोंद लेखी घ्या. विचारताना नम्र राहा, पण विचारा. कोणी म्हणेल, फार बोलतो हा. बोलू द्या.

गाडी काट्यावर चढली की आपला बाप कापसाकडे बघत नाही. कापूस त्यानंच वेचून आणलेला असतो, तो त्याला माहीत असतो. तो काट्याकडे बघतो.