झोपलेलं खातं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात भोजनापूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला बजावलं आहे, "साहेब, दहाच मिनिटं बोला, जेवण थंड होऊ देऊ नका." ही सूचना किती शास्त्रीय आहे, तेच आज सांगणार आहे.

आधी माझी एक चूक कबूल करतो. १९९२ चा मार्च महिना. मी तेव्हा पुसद भागातल्या एका शाखेत होतो. टायफॉइड झाला. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. सहाव्या दिवशी ताप उतरला, आणि इकडे बँकेत मार्च एंडिंग! मी म्हटलं, "आता बरं वाटते, मंग कायले गोया खायच्या?" उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवल्या आणि कामावर हजर झालो. तीन आठवड्यांत ताप परत आला. त्यामागोमाग माझी सहा वर्षांची मुलगी तापली. एकोणीस दिवस ती यवतमाळला दवाखान्यात होती. तिला तो आजार माझ्याकडून लागला की पाण्यातून, हे सांगता येणार नाही. पण त्या दिवसांत घरात पिण्याचं पाणी मीच भरत होतो, हे मी विसरलेलो नाही.

आज तिचाच मुलगा सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. मी त्याला विचारलं, "गोळ्या चालू असताना जंतू मेले नव्हते का रे?" तो म्हणाला, "आजोबा, बहुतेक मेले होते. काही झोपले होते."

मग त्याने समजावून सांगितलं. जंतूचाही संसार असतो. तो अन्न खातो, त्यातून ऊर्जा काढतो, नवी भिंत बांधतो आणि वाढतो. आपली पुष्कळशी प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक्स, हा संसार चालू असतानाच घाव घालतात. पेनिसिलिन भिंतीचं बांधकाम बिघडवतं. पण ज्याने बांधकामच बंद ठेवलं, त्याचं ते काय बिघडवणार? १९४४ मध्ये आयर्लंडचे जोसेफ बिगर यांना हेच दिसलं. पेनिसिलिनने जवळजवळ सगळे जंतू मेले, पण थोडे उरले. त्यांची पिल्लावळ मात्र पुन्हा त्याच औषधाने मरत होती. म्हणजे ते बलवान नव्हते, नुसते निपचित पडले होते. त्यांनी त्यांना 'पर्सिस्टर', म्हणजे तग धरून राहणारे, असं नाव दिलं.

आम्ही बँकवाले याला निष्क्रिय खातं म्हणू. व्यवहार शून्य, पण खातं बंद झालेलं नाही. केव्हाही पुन्हा सुरू होऊ शकतं.

टायफॉइडचा जंतू साल्मोनेला कुळातला. अन्नपाण्यातून पोटात जाणारं हे कुळ. आपल्या शरीरातल्या ज्या पेशी जंतूंना गिळतात, त्यांच्याच पोटात शिरून साल्मोनेलाचे काही जंतू वाढ थांबवतात आणि औषधाला दाद देत नाहीत, हे २०१४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेत जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने उलटा प्रयोग केला होता. जेंटामायसिन हे औषध जंतूच्या आत शिरायला जंतूचीच ऊर्जा लागते. त्यांनी ई. कोलायच्या झोपलेल्या जंतूंना विशिष्ट साखर दिली. जंतूंमध्ये ऊर्जा तयार झाली, औषध आत गेलं आणि ते मेले. (म्हणून कोणी गोळीबरोबर साखर खाऊ नये! तो प्रयोगशाळेतला आणि उंदरांवरचा प्रयोग आहे.)

आता खरा धोका ऐका. झोपणारा जंतू आणि औषधाला पुरून उरणारा जंतू वेगळे. पण पहिला दुसऱ्याला वेळ मिळवून देतो. वारंवार औषधाचा मारा झाला की आधी झोपण्याची सवय पक्की होते आणि मग त्यांच्यातूनच खरा प्रतिकार असलेले निपजतात, असं जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ई. कोलायवर प्रयोगशाळेत दाखवलं.

हा प्रतिकारही फुकट नसतो. औषध बाहेर फेकणारे पंप चालवायला ऊर्जा लागते, प्रतिकाराची जनुकं सांभाळायलाही लागते. आपल्यातल्या ज्येष्ठांना क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल आठवत असतील. १९४८ पासून टायफॉइडवर तेच औषध होतं. १९७२ मध्ये केरळात कालिकतला त्याला न जुमानणारा जंतू सापडला. पुढे त्या औषधाचा वापर कमी झाला, आणि अनेक ठिकाणी जंतू पुन्हा त्याला बळी पडू लागले. खर्च परवडेनासा झाला की जंतूही कपात करतो. पण तोवर आपण सिप्रोफ्लॉक्सासिन वापरून वापरून बोथट करून टाकलं होतं.

नवी औषधं लवकर येत नाहीत. म्हणून जंतू पोटात जाऊच न देणं स्वस्त पडतं. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने टायफॉइडची नवी लस एक लाखाहून अधिक मुलांना दिली. सरकारी पातळीवर असं करणारं ते पहिलं शहर. आपल्या नातवंडांच्या लसीबद्दल आपापल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आता आपल्या घरचं. चार विनंत्या करतो.

एक, टाकी वर्षातून दोनदा धुवावी आणि तारीख सूचनाफलकावर लिहावी. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की झाकण उघडं राहतं, हे आपण सगळे पाहतो.

दोन, ज्याला ताप किंवा हगवण आहे त्याने सामुदायिक जेवणात वाढायला येऊ नये. कितीही हौस असली तरी. बरं झाल्यावरही काहींच्या पित्ताशयात हा जंतू वर्षानुवर्षं राहतो, म्हणून वाढणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

तीन, उरलेलं अन्न फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे जंतू मेले असं नाही. तेही तिथे सुस्तावतात. खाण्यापूर्वी वाफ येईपर्यंत नीट गरम करा.

चार, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून विचारणा येते, "कोणाकडे तापाची अमुक गोळी उरली आहे का?" कृपा करून कोणी देऊ नये, कोणी मागू नये. गोळी किती दिवस घ्यायची आणि कधी थांबवायची, हे डॉक्टर ठरवतील. बरं वाटतं म्हणून आपण ठरवायचं नाही. मी ठरवलं होतं. त्याचे एकोणीस दिवस माझ्या मुलीने भरले.

पंचवीस वर्षांत आपण इथल्या मुरमाच्या माळावर घरं उभी केली, झाडं लावली. पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्या नातवंडांना औषधं लागू पडावीत, एवढीही पुंजी त्यांच्यासाठी ठेवू या.

सचिवसाहेब, दहा मिनिटं झाली. पोळ्या गरम आहेत. नळाजवळ साबण ठेवला आहे. आधी तिकडे, मग पंगतीत.