कानांनी वाचलेली पुस्तके

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



गेली दोन वर्षे एसटीने शाळेत येता-जाता मी बोलकी पुस्तके, म्हणजेच ऑडिओबुक्स, ऐकत आहे. त्यांविषयी माझी मते मांडावीत, असे मुख्याध्यापकांनी सुचविले. मी या विषयातला जाणकार नव्हे. केवळ एक श्रोता म्हणून चार शब्द बोलतो.

प्रारंभी मला हा प्रकार आळसाचा वाटे. पुस्तक स्वतः न वाचता दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, ही कसली विद्या? पुढे कळले की ही पुस्तके गरजेपोटी जन्माला आली. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी व अन्य अंध वाचकांसाठी ब्रिटनमध्ये १९३५ साली अशी पुस्तके तबकड्यांवर निघाली. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती आणि जोसेफ कॉनरॅड यांच्या कादंबऱ्या होत्या. एका कादंबरीला सुमारे दहा तबकड्या लागत. आज तेच काम खिशातला मोबाइल करतो.

मी शिक्षक असल्यामुळे प्रथम अध्यापनशास्त्राची पुस्तके ऐकली. पाच तत्त्वे, सात पायऱ्या, नऊ सूचना! गाडीतून उतरेपर्यंत त्यांतले एकही स्मरणात राहत नसे. असली पुस्तके हाती पेन्सिल घेऊनच वाचावीत, असे माझे मत झाले.

नंतर गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हिंदीतून ऐकले. मूळ पुस्तक गुजराती, १९३०च्या दशकाच्या आरंभीचे. ते शिक्षणावरचे आहे, पण लिहिले आहे कथेसारखे. एक शिक्षक अधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ घेतो आणि मुले गोंधळ घालून तो पार उधळून लावतात. मग तो गोष्ट सांगू लागतो, आणि तोच वर्ग कान देऊन ऐकतो.

मित्रहो, ते ऐकताना मी खजील झालो. मीही टेबलावर डस्टर आपटूनच वर्ग शांत करीत होतो. दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात शेवटची दहा मिनिटे मी गोष्ट सांगितली. घंटा झाली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, पुढं काय झालं?” त्या मुलाला मी मनातल्या मनात ‘ढ’ ठरवून टाकले होते. एकेक अक्षर जुळवताना त्याचा अर्थ हातून सुटत होता, इतकेच. पुढे मी त्याला धडा ऐकवू लागलो. पुस्तक समोर उघडे आणि बोट ओळीवर. आजही तो अडखळतो, परंतु पुस्तक बाजूला सारत नाही.

दुसरा अनुभव घरचा आहे. आमची अम्मी उर्दू चौथीपर्यंत शिकलेली. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. एके रात्री मी ‘श्यामची आई’ लावले होते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक म्हणजे रात्री मित्रांना सांगितलेल्या आठवणीच. ते मुळी ऐकण्यासाठीच आहे! अम्मी तांदूळ निवडत होती. मी बंद करू लागलो तशी म्हणाली, “बंद मत कर, रहने दे.” दुसऱ्या दिवशी तिने तीच गोष्ट माझ्या मुलाला आपल्या बोलीत सांगितली. मुलगा म्हणाला, “दादी, असं नव्हतं!” आणि खरे काय ते दाखविण्यासाठी त्याने आपण होऊन पुस्तक उघडले.

“आम्हाला मराठी वाचता येत नाही, मुलांचा अभ्यास कसा घेणार?” असे अनेक माता मला विचारतात. त्यांना माझे हेच उत्तर आहे : मुलांसोबत बसून ऐका आणि ऐकलेले त्यांना विचारा.

यातही उणिवा आहेतच. काही वाचक नाटकी वाचतात. पात्रांना स्वतःच रडतात, आपल्याला रडू देत नाहीत. कानांनी ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. परीक्षेत लिहावे हाताने लागते. शिवाय गोष्टीसाठी हाती घेतलेला मोबाइल दहाव्या मिनिटाला खेळाकडे वळतो. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, फोन वडीलधाऱ्यांच्या हाती असू द्या, आणि ऐकलेले पुस्तक ग्रंथालयातून आणून एकदा तरी डोळ्यांनी वाचा.

कान हे पुस्तकाचे दार आहे. दारातून आत या, पण उंबऱ्यावरच बसून राहू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!